तो फोटो न उघडल्याबद्दल

मॅडम,

निकालाची प्रत काल हातात आली आणि आधी तुमचीच आठवण झाली. तुम्हाला मी आठवतही नसेन. तुमच्या टेबलावर रोज कुणाचा ना कुणाचा फोन, कुणाची ना कुणाची हार्ड डिस्क तपासणीसाठी येऊन पडत असते.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन दारं वाजवून आले होते. एकाने विचारलं, "असले फोटो काढलेतच कशाला?" दुसऱ्याने अगदी कळवळ्याने सांगितलं, "सगळं डिलीट करा आणि मोकळ्या व्हा." त्यांचं ऐकलं असतं तर धमकीचे मेल त्यांच्या हेडरसकट, म्हणजे मेल कुठून आला त्या नोंदीसकट, गेले असते, आणि मोकळा तो धमकावणारा झाला असता.

तुम्ही माझी डिस्क राइट ब्लॉकरला, म्हणजे डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणाला, जोडलीत. मेलबरोबर आलेल्या त्या फायलीचं नाव दिसलं तशी माझी मान खाली गेली. तुम्ही म्हणालात, "हा मी उघडणार नाही. मला गरजच नाही." खरंच उघडला नाहीत. फायलीचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, काढलात आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. ज्या फोटोने माझी झोप उडवली होती, त्याच्या जागी आकडे आणि अक्षरं मिळून 64 खुणांची एक ओळ. "फाइल जराशी जरी बदलली तरी ही ओळ वेगळी येईल," एवढंच बोललात. त्याच्या लॅपटॉपमधल्या फायलीची ओळ हीच निघाली.

पुढे त्याच्या वकिलाने फेरफाराचा मुद्दा काढला, तेव्हा तुम्ही दोन्ही ओळी सावकाश वाचून दाखवल्यात. तो खाली बसला.

मेल ज्यावरून आले तो सर्व्हर परदेशातला होता. अशा नोंदी पुसल्या जाण्याआधी निदान 60 दिवस राखून ठेवायला लावायची सोय सायबर गुन्ह्यांवरच्या 2001 च्या बुडापेस्ट करारात आहे, हेही तुमच्याचकडून कळलं. कायदा आहे, यंत्रं आहेत, सगळं खरं. पण समोर बसलेल्या बाईची मान खाली गेली तर फाइल उघडू नये, असं कुठल्या कलमात लिहिलंय? पुढे ज्यांना तो बघणं भाग होतं त्यांनी बघितला असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवशी, माझ्यासमोर, तो उघडला गेला नाही.

त्या ओळीची पहिली आठ अक्षरं मला अजून पाठ आहेत. फोटो मात्र आता नीटसा आठवत नाही.

तुमची,
एक तक्रारदार