त्या ‘ना’पुढे तू काय बोलणार

रामबाग, इंदूर
मंगळवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर जमणार नाही. बोलायला लागलो की माझाच आवाज आधी जातो आणि मग तूच मला समजावत बसतेस. म्हणून हा कागद डब्याच्या पिशवीत ठेवतोय. संध्याकाळी खालीच देऊन परत फिरेन, वर येणार नाही. आधी डबा खा. तळलेला गराडू कंद गार झाला की त्याचं लाकूड होतं.

शनिवारी कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टर मॅडमनी विचारलं, "पाठ कशी आहे?" तुला विचारलं आणि उत्तर दिलं मी. "पुष्कळ कमी आहे, मॅडम." तू मान हलवलीस. मग त्यांनी तुझ्याकडेच बघून विचारलं, "दहापैकी किती?" तू हळूच म्हणालीस, सात. रात्री कुशीवर वळताना आठ. आणि हे तीन आठवड्यांपासून! माझ्या वहीत मात्र तिन्ही रविवारी 'दुखणे : कमी' असं लिहिलेलं आहे, खाली रेघ मारून.

येताना रिक्षात मी विचारलं, का गं बोलली नाहीस? तू म्हणालीस, "तुम्ही इतक्या आशेनं विचारता बाबा, की नाही म्हणवत नाही."

तीन दिवस तेच कानात आहे. मी आठवून बघितलं. रोज सकाळी फोन करून मी "कसं वाटतंय?" असं कधी विचारलंच नाही गं. "आज बरं आहे ना?" असंच विचारत आलो. त्या 'ना'पुढे तू काय बोलणार!

आणखी एक. दर खेपेला "कोर्स कधी संपणार" हे विचारून मी मॅडमना पिडतो. जन्मभर हिशेब लिहिले, 31 मार्चला खाती बंद केली, ती खोड जात नाही. त्यांनी दोनदा समजावलं : हाडांत पोचलेला स्तनाचा कॅन्सर मुळासकट निघत नाही, त्याला आवरून धरायचं. औषध लागू पडतंय तोवर तेच, नाही पडलं की दुसरं. पॅल्बोसिक्लिबच्या गोळ्या 21 दिवस, मग 7 दिवस सुट्टी. लेट्रोझोलच्या गोळीला सुट्टी नाही. दर 28 दिवसांनी पोटातलं इंजेक्शन. न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या त्या पांढऱ्या पेशी, 1000च्या खाली गेल्या तर पुढचं पाकीट उघडायचं नाही. हे सगळं पाठ आहे मला. आता 'कधी संपणार' तेवढं विचारणार नाही.

(शेजारच्या काकू परवा आईला पुन्हा "पॉझिटिव्ह राहायला सांगा तिला" म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये आहेच की, दोन-दोन हॉर्मोन पॉझिटिव्ह," हे तुझं उत्तर मी त्यांना ऐकवलं. काकू गप्प.)

गुरुवारी सिकाई, म्हणजे रेडिएशन आहे. पाठीला एकाच बैठकीत देणार आहेत. आराम पडायला एक-दोन आठवडे लागतील आणि त्याआधी एखाद-दोन दिवस दुखणं वाढूही शकतं, असं त्यांनी सांगितलंय. वाढलं तर गप्प बसू नकोस. दाढ ठणकते म्हणून आईला बोलली होतीस, तेही मॅडमच्या कानावर घाल. हाडं बळकट करायच्या इंजेक्शनवर असताना दाढ काढली तर कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही.

वहीत मी नवा रकाना आखलाय. रोज रात्री व्हॉट्सॲपवर नुसता आकडा टाक. आठ तर आठ. वाचून मला काय व्हायचं ते होऊ दे, मला बघायला तुझी आई आहे.

गराडू सराफा बाजारातला आणणार होतो, पण तुझे रक्ताचे काउंट बघून घरीच केला. सोलताना हाताला तेल लावायचं विसरलो, कोपरापर्यंत खाजतंय. दोनदा तळलाय, तुला कुरकुरीत लागतो तसा. पहिला घाणा करपला, तो मी खाल्ला.

गुरुवारी साडेआठला रिक्षा घेऊन येतो. फाइल मी धरीन, बोलायचं तू.

तुझा,
बाबा

ता. क. जीरावण मसाला वेगळ्या पुडीत आहे. तोंड आलेलं असेल तर घालू नकोस, नुसतं लिंबूही नको.