बाबा, नकाशा पुन्हा उघडा

कोथरूड, पुणे
फेब्रुवारी अखेर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

कोथरूडहून वानवडीला यायला तासभरही लागत नसताना मी पत्र लिहीत आहे, याचे तुम्हा दोघांना नवल वाटेल. पण त्या रविवारी माझ्या तोंडून जे निघाले, ते समोरासमोर बसून निस्तरायला गेले तर बोलणे पुन्हा गोळ्या, रक्तदाब आणि डॉक्टरांची पुढची तारीख यांवरच येऊन थांबेल, अशी मला भीती वाटते. म्हणून निवांत बसून, शब्द निवडून लिहीत आहे.

बाबा, तुमचे तिघे मित्र समोर बसलेले असताना मी म्हणाले, "या वयात गोव्यापर्यंत गाडी चालवत जायचे म्हणजे काय?" तुम्ही उत्तर दिले नाहीत. टेबलावर पसरलेला नकाशा तुम्ही घडीवर घडी घालत मिटलात, बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाकडे वळणारी पेन्सिलीची रेघ आत गेली, आणि त्यावर तुम्ही चष्म्याचे घर ठेवलेत. सुभेदारकाकांनी रिकामा झालेला कप पुन्हा ओठांना लावला. तो रिकामा कप मला अजून दिसतो. तुमच्या लेकीने तुम्हाला तुमच्याच माणसांसमोर म्हातारे ठरवले होते, आणि त्या चौघांपैकी कोणालाही त्यावर बोलणे सभ्यपणाचे वाटले नाही.

या आठवड्यात मी दोन रात्री बसून 'द सी वुल्व्ह्ज' हा इंग्रजी युद्धपट पुन्हा पाहिला. तुमच्या मनात गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे जायचे ज्या चित्रपटामुळे आले, तो मी आजवर तुमच्या शेजारी बसून तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थोडा, फोन संपवून थोडा. सलग असा कधीच पाहिला नव्हता. आई, हा तुझाही चित्रपट आहे, कारण बाबा सुट्टीवर आलेले असताना तुम्ही दोघांनी तो कॅम्पातल्या टॉकीजमध्ये पाहिला होतात, आणि मागच्या रांगेतून शुकशुक होईपर्यंत बाबा तुझ्या कानात त्यातले इंग्रजी मराठीत सांगत होते, हे तूच मला सांगितले आहेस.

१९८० साली तो पडद्यावर आला तेव्हा त्यातल्या मुख्य नटांपैकी ग्रेगरी पेक चौसष्ट वर्षांचा होता, ट्रेव्हर हॉवर्ड सहासष्टचा आणि डेव्हिड निव्हन सत्तरीचा. निव्हन पळताना थकतो तेव्हा तो थकल्याचा अभिनय करत आहे की खरोखरच थकला आहे, हे कळत नाही. आणि मला वाटते, त्या प्रसंगांचे सगळे बळ त्यातच आहे. हाच निव्हन दुसरे महायुद्ध सुरू होताच हॉलिवूडमधले चांगले चाललेले काम सोडून इंग्लंडला परतला होता आणि सैन्यात दाखल झाला होता. त्यामुळे म्हातारपणी तो गणवेशाविषयी, हुकमाविषयी बोलतो तेव्हा ते उसने वाटत नाही.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तरीही मी ती माझ्या शब्दांत लिहीत आहे, कारण ती मला काय समजली हे तुम्हाला कळावे अशी माझी इच्छा आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे मुरगाव बंदरात आसऱ्याला आली आणि तिथेच अडकून पडली. अँफोरा हे इटालियन जहाजही तिथेच होते. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिशांना उघडपणे हात लावता येत नव्हता. एरेनफेल्सवरच्या गुप्त रेडिओवरून दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांपर्यंत जाते, असा त्यांना संशय होता. नियमित फौज पाठवली तर तटस्थतेचा उघड भंग झाला असता. म्हणून कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या हौशी घोडदळातली माणसे निवडली गेली. बँकेतले, चहाच्या आणि तागाच्या व्यापारातले, हिशेब तपासणारे, कित्येक जण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले. या दलाने त्याआधी लढाई पाहिली होती ती बोअर युद्धात, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी. माणसे हवी आहेत असे सांगितल्यावर सगळेच तयार झाले. कलकत्ता स्कॉटिश या तिथल्याच दुसऱ्या हौशी दलातले काही जण धरून जेमतेम अठरा जण प्रत्यक्ष मोहिमेवर गेले.

बाबा, इथे मला एक गोष्ट नव्याने उमगली. मी आजवर समजत होते की म्हातारे असूनही त्यांना पाठवले, आणि म्हणून ते कौतुकास्पद. खरे पाहता त्यांचे वय झाले होते, ते नोकरी-धंद्यातले साधे नागरिक होते, त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहणार नव्हते, आणि पकडले गेलेच तर सरकारला कानांवर हात ठेवता येणार होते, म्हणूनच त्यांना पाठवले गेले. जे तरुण सैनिकाला करता आले नसते, ते या माणसांना त्यांच्या वयामुळे करता येणार होते. त्या रविवारी तुम्ही मला हेच सांगू पाहत होतात का? "आम्हाला वेळ आहे, घाई नाही, दर शंभर किलोमीटरला थांबू," असे तुम्ही म्हणालात तेव्हा मी वाक्य पूर्णही होऊ दिले नाही.

चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला भाग शेवटच्या गोळीबाराचा नाही. फीबी नावाच्या गाळ वाहून नेणाऱ्या जुन्या बोटीवरचा प्रवास मला जास्त भावला. कलकत्त्याहून निघून, सिलोनला वळसा घालून ती अरबी समुद्रात येते. बाकीची माणसे आगगाडीने कोचीनला पोहोचून तिथे तिच्यावर चढतात. तिचा वेग बैलगाडीसारखा. मागे एकदा हा भाग चालू असताना तुम्ही चित्रपट थांबवून म्हणाला होतात, "आता लक्ष दे, सगळी मोहीम एका इंजिनावर टांगलेली आहे." तेव्हा मी हसले होते. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या सीमेवर, झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात लॉऱ्यांच्या एअर फिल्टरमधली वाळू झटकणारा माणूसच त्या इंजिनाकडे तसा पाहू शकतो, हे मला आता समजते. तुम्ही तुमच्या युद्धाविषयी कधी बोलला नाहीत. त्या एका वाक्यात मात्र ते होते, आणि मी ते ऐकून सोडून दिले.

काही गोष्टी मला खटकल्या, त्याही लिहिते, कारण तुम्ही मला कुठलीच गोष्ट डोळे मिटून मान्य करायला शिकवले नाही. ९ मार्च १९४३ च्या रात्री ही माणसे मुरगावला पोहोचली. त्याच्या सहाच दिवस आधी, ३ मार्चला, आपल्या नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण संपले होते. त्याच वर्षी २४ जानेवारीला, ब्रिटिश सैनिकांची गर्दी असायची त्या कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरमध्ये पुण्याच्या क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट घडवला होता. तेच पुढे व्हिक्टरी झाले; लहानपणी त्याच्यासमोर उभे करून तुम्ही मला ही हकिकत सांगितली होती. कलकत्त्याच्या क्लबात ही साहेब मंडळी मोहिमेची आखणी करत होती, आणि त्याच वर्षी त्या शहराच्या रस्त्यांवर बंगालच्या दुष्काळातली माणसे अन्नावाचून मरून पडली. चित्रपटात यातले काहीही नाही. त्यात गोवा आहे, पण गोवेकर जवळजवळ नाहीत. हे डोळ्यांआड करून मला त्या म्हाताऱ्यांचे कौतुक करता येत नाही. त्यांचे साहस खरे होते आणि ज्या साम्राज्यासाठी ते होते ते आपल्या उरावर बसलेले होते. ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवूनच मला ही गोष्ट सांगता येईल, आणि तुमचेही तसेच मत असावे असा माझा अंदाज आहे.

मोहीम यशस्वी झाली म्हणायची, पण चित्रपटात दिसते तितकी सरळ नाही. हल्ला होताच एरेनफेल्सवरच्या खलाशांनी आपले जहाज आपणच बुडवायला घेतले. त्या जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. पुढे उरलेल्या तीन जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजे बुडवली. चढाई करणाऱ्यांपैकी कोणी दगावले नाही. परत येऊन ही माणसे आपापल्या कचेरीत जाऊन बसली. त्यांना पदक मिळाले नाही, कारण जे घडलेच नाही असे सांगायचे होते त्याचे पदक कसे देणार? १९७८ साली त्यावर पुस्तक येईपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ही गोष्ट जगासमोर आली नाही. त्यांच्या घरच्यांना कधी काही कळले असेल का, हा विचार मी या दोन दिवसांत बराच केला. एखाद्याची मुलगी रोज संध्याकाळी वडिलांना चहा देत असेल, आणि हे आता थकले, यांना जपले पाहिजे, असे मनाशी म्हणत असेल.

मी तुम्हाला जपते म्हणजे काय करते, याचा मी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. तुमच्या तपासण्यांच्या तारखा माझ्या फोनमध्ये आहेत. तुमच्या गोळ्या मी आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून देते आणि तुम्ही त्या जुन्या फिल्म रोलच्या डबीत काढून खिशात ठेवता. दोन वर्षांत मी तुम्हाला एकही काम सांगितलेले नाही. पूर्वी मिक्सर बिघडला की मी वानवडीला आणून टाकत असे आणि तुम्ही वर्तमानपत्र पसरून, एकेक स्क्रू वाटीत ठेवून तो उघडत असायचात. आता मी नवा मागवते. तुम्हाला त्रास नको म्हणून मी हे करत होते, पण मी तुमच्याकडून काय काढून घेत आहे, हे मला दिसले नाही. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते, आणि मित्रांदेखत बोलले त्याबद्दल त्यांच्यासमोर मागेन.

आई, तुझीही क्षमा मागायची आहे. या सगळ्या वादात तुला जायचे आहे का, हे मी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर बाबांनीही विचारले नाही. चित्रपटातही बायकांच्या वाट्याला धड काही आलेले नाही. पण त्या दिवशी ओट्यावर शेंगदाण्याच्या चिक्कीचे दोन डबे भरून ठेवलेले मी पाहिले होते. चौघांच्या गाडीला इतकी चिक्की लागत नाही. कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायची राहिली आहे असे तू किती वर्षांपासून म्हणतेस.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. मी ७ मार्चपासून पाच दिवसांची रजा मंजूर करून घेतली आहे. बोलेरोत सात जण बसतात. तुम्ही चौघे आणि आई धरून पाच होतात. मागच्या बाकावर मला जागा द्यावी. गाडी कोणी किती चालवायची, कुठे थांबायचे, पहिला मुक्काम कोल्हापूरला की बेळगावला, हे तुम्ही ठरवा; मी त्यात बोलणार नाही. फक्त रात्री गाडी चालवायची नाही एवढी एकच गोष्ट मी मागते, आणि ती तुमच्या वयामुळे नाही, घाटात मलाच भीती वाटते म्हणून. बंदराच्या आत आपल्याला सोडणार नाहीत, पण दोनापावलाच्या जेटीवर उभे राहिले की झुआरीच्या मुखापलीकडे मुरगाव समोर दिसते. ९ तारखेला अंधार पडेपर्यंत आपण तिथे पोहोचावे असे मला वाटते. फीबी कोणत्या बाजूने आत आली असेल, ते तुम्ही मला तिथे उभे राहून दाखवा. या वेळी मी मध्येच उठून जाणार नाही.

माझा मिक्सर पुन्हा अडकतो आहे. शनिवारी येताना घेऊन येते. सुभेदारकाकांना मी काल फोन करून आपले चुकले असे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "टायर बघून घ्यायला सांग बाबांना, आणि हवा गार असताना भरायची."

तुमची,
धाकटी