शेवंतीला अंधार द्या

मिसिसागा, ऑन्टॅरिओ
12 ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

परवा बोलता बोलता तुम्ही फोन आईच्या हातात दिलात, तेव्हापासून जिवाला चैन नाही. वहिनीने सांगितलं ते खरं आहे. तळघरात मी गांजाची दोन झाडं लावली आहेत. इथे कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून त्याला कायद्याने परवानगी आहे. एका घरात चार झाडं, मग माणसं कितीही असोत. तुमच्यापासून लपवलं हे चुकलंच. लावली हे चुकलं, असं मात्र वाटत नाही.

बी मिळतं ते ‘फेमिनाइज्ड’. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं पाणी फवारलं की त्याला नरफुलं येतात, आणि त्या परागांपासून धरलेलं बी जवळजवळ सगळं मादीच निघतं. पण मादी झालं म्हणून फुलेलच असं नाही. हे झाड रात्र मोजतं, बाबा. अठरा तास दिवा दिला तर नुसता पाला वाढवतं. रोज बारा तास सलग मिट्ट काळोख मिळाला, की कळी धरतं.

गेल्या वर्षी जिन्यातला दिवा रात्रभर चालू राहायचा आणि दाराच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ आत यायची. माझ्या लक्षातच आलं नाही. पाचव्या आठवड्यात बघते तर कळ्यांच्या बेचक्यांतून पिवळी, इवल्या केळ्यांसारखी नरफुलं डोकावत होती. मादी झाडालाच! पुढे सगळ्या फुलांत बी भरलं आणि पीक वाया गेलं. रडू आलं मला. आता फटीवर काळं कापड ठोकलंय आणि रात्री मी आत पाऊलही टाकत नाही.

हे इतकं लिहिलं ते तुमच्या शेवंतीसाठी. आईने फोटो पाठवला: भिंतीकडच्या फांद्यांना कळ्या, रस्त्याकडच्या नुसत्या हिरव्यागार. तुम्ही खत बदललंत, माती बदललीत. दोष मातीचा नाही. शेवंतीसुद्धा रात्र मोजते, आणि आपल्या नौपाड्याच्या गॅलरीत आता ते पांढरं स्ट्रीटलाइट थेट तिच्या अंगावर येतं. तिच्यासाठी रात्र होतच नाही. संध्याकाळी साडेसहाला कुंडी मागच्या अंधाऱ्या बाजूला न्या, सकाळी सातला पुढे आणा. एकही रात्र चुकवू नका. मार्गशीर्ष संपायच्या आत पूजेला घरची फुलं मिळतील. कुंडी जड आहे, दादाला उचलायला लावा.

धाकट्याने बी पाठव म्हणून मेसेज केला होता. नाही पाठवणार. इथून बाहेर पाठवणं गुन्हा, आणि तिकडे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुम्हीच त्याला दटावा. माझं तो ऐकत नाही.

रविवारी फोन करते. फोन आईकडे देऊ नका, निदान शेवंतीचं तरी सांगा.

तुमची,
मनू