स्कोपमधील खुणा जितक्या जास्त तितका नेम अचूक, हे खरे नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातील शिकारीच्या साधनांवर आलेला लेख मी येथे न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला, वाचला. लेख एकंदरीत नेटका आहे. मात्र रेटिकलविषयी, म्हणजे रायफलीच्या स्कोपमधून पाहताना डोळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या फुलीविषयी, त्यात दोन विधाने आहेत आणि ती तशीच राहू देणे मला योग्य वाटत नाही. पहिले असे, की रेटिकलवर खुणा जितक्या जास्त तितका नेम अचूक. दुसरे असे, की फुलीखालच्या खुणेवर सावज धरले की झूम कितीही ठेवला तरी गोळी ठरल्या जागी पडते. पहिले विधान अर्धवट खरे आहे, दुसरे साफ चुकीचे आहे, आणि त्या दुसऱ्या समजुतीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीची पहिली बारा वर्षे कालव्यांच्या मोजणीवर गेली, त्यामुळे फुलीशी माझी ओळख रायफलीच्या आधीची, थिओडोलाइट आणि लेव्हलमधली. त्या यंत्रांत मधल्या रेषेच्या वर आणि खाली दोन आखूड रेषा असतात. समोर उभ्या केलेल्या पट्टीचा जेवढा भाग त्या दोन रेषांच्या मध्ये दिसेल, त्याला शंभराने गुणले की अंतर मिळते. मिल-डॉट रेटिकलचे, म्हणजे एकेक मिलवर ठिपके असलेल्या फुलीचे, गणित याच जातीचे आहे. एक मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर, तीनशे मीटरवर तीस. फरक एवढाच, की कालव्यावर पट्टी धरणारा गडी हलायचा नाही आणि पट्टीवर सेंटिमीटर छापलेले असायचे. हरणाच्या छातीवर तसे काही छापलेले नसते. पंचेचाळीस सेंटिमीटर खोल छाती दीड मिल भरली तर अंतर तीनशे मीटर येते. तीच छाती घाईत एक पूर्णांक तीन दशांश मिल वाचली गेली तर उत्तर ३४६ मीटर निघते, आणि तेवढ्या चुकीने साध्या .३०८ काडतुसाची गोळी अर्ध्या वितीहून अधिक वर जाते. आज लेझरने अंतर सांगणारे हातातले यंत्र सर्रास मिळत असताना, शिकाऱ्याने केवळ अंतर मोजण्यासाठी फुलीवर खुणांची गर्दी करून घ्यावी असे मला वाटत नाही.

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पत्र महाराष्ट्रात वाचले जाणार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांचा किंवा रोह्यांचा बंदोबस्तही वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. येथील परिस्थिती उलटी आहे. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. हरणे, ससे, रानबकऱ्या हे सगळे माणसाने बाहेरून आणले आणि ते येथील झाडोरा खाऊन संपवतात, म्हणून त्यांची शिकार हा संवर्धनाचाच भाग मानला जातो. गंमत म्हणजे ज्या हिमालयीन थारला, म्हणजे डोंगरी रानबकऱ्यासारख्या प्राण्याला, आपल्याकडे कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे, तोच प्राणी १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला, इतका फोफावला की १९९३ च्या सरकारी आराखड्याने त्याची संख्या दहा हजारांच्या आत ठेवण्याची मर्यादा घातली, आणि ती मर्यादा पाळताना आजही सरकारची दमछाक होते.

आता मूळ मुद्दा. रेटिकल निवडताना कॅटलॉग उघडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: गोळी किती अंतरावरून मारायची आहे, आणि त्या वेळी उजेड किती असणार आहे?

येथील लुईस पास या घाटाच्या बाजूला बीच वृक्षांचे दाट जंगल आहे. तेथे लाल हरीण दिसते ते वीस ते साठ मीटरवर, तेही बहुधा सकाळी उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. सरकारी रानात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते आणि नेमका तोच अर्धा तास हरणे बाहेर पडण्याचा असतो. माझ्या पहिल्या स्कोपमध्ये केसासारख्या बारीक रेषांचे, पायरी-पायरीने खुणा केलेले रेटिकल होते. दुकानात दिव्याखाली ते फार देखणे दिसले होते. त्या संध्याकाळी शेवाळलेल्या ओंडक्यापलीकडे एक मादी उभी राहिली. तिचा एक कान हललेला मला स्पष्ट दिसला, ओल्या नाकावरची चमकही दिसली, पण फुली काही केल्या दिसेना. मागे काटक्यांची जाळी, पुढे काटक्यांची जाळी, आणि माझ्या रेषा त्या काटक्यांतल्याच दोन झालेल्या. मी आकाशाच्या तुकड्याकडे नळी वळवून फुली शोधली आणि परत खाली आणली, तोवर मादी निघून गेली होती. मला त्याचे वाईट वाटले नाही. दिसत नसलेल्या फुलीने चाप ओढला असता तर वाटले असते.

अशा रानासाठी जर्मन शिकाऱ्यांचे जुने चार क्रमांकाचे रेटिकल अजूनही तोडीस तोड आहे. डावी, उजवी आणि खालची अशा तीन जाड पट्ट्या, मध्यावर मात्र बारीक फुली. वरच्या बाजूला जाड पट्टी नाही. अंधारात बारीक फुली विरली तरी तीन जाड पट्ट्या नजरेला मधोमध नेऊन सोडतात. अमेरिकेत ल्यूपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये आणलेले ड्युप्लेक्स याच विचाराचे, फक्त त्यात चारही बाजूंनी जाड रेषा येतात. मध्यभागी दिवा असलेले रेटिकल घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, पण उजेड कमीत कमी करता येतो की नाही ते अंधाऱ्या खोलीत पाहावे. लाल ठिपका प्रखर असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि ठिपक्यामागचे हरीणच नाहीसे होते. शिवाय थंडीत बॅटरी दगा देते, म्हणून दिवा बंद असतानाही जे रेटिकल दिसते तेच खरे.

थारची गोष्ट वेगळी. तेथे झाड नाही, अडचण उताराची आणि अंतराची. समोरच्या कड्यावर, मध्ये दरी सोडून, तीनशे मीटरवर प्राणी उभा असतो, उजेड भरपूर असतो आणि पडून, पिशवीवर रायफल टेकवून नेम धरायला वेळही मिळतो. येथे खुणा असलेल्या रेटिकलचा खरा उपयोग आहे, हे मला मान्य आहे. दोनशे मीटरवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर फुलीवर लागेल अशी जुळवलेली, .३०८ रायफल तीनशे मीटरवर सुमारे एक वीत खाली मारते, आणि छातीतली मर्माची जागा वीत-सव्वा वीतच असते. हवेत अंदाजाने वर धरण्यापेक्षा खुणेवर धरणे केव्हाही चांगले.

पण याच ठिकाणी आपल्या लेखातले दुसरे विधान माणसाला खड्ड्यात घालते. खुणा असलेले रेटिकल दोन प्रकारे बसविलेले असते. एका प्रकारात झूम वाढवला की प्राण्याबरोबर रेटिकलही मोठे होते, त्यामुळे खुणांचे माप कोणत्याही झूमवर तेच राहते. दुसऱ्या, म्हणजे बहुतेक साध्या शिकारी स्कोपांत, प्राणी मोठा होतो पण रेटिकल आहे तेवढेच दिसते. अशा स्कोपच्या खुणा एकाच झूमवर, बहुधा सर्वांत मोठ्या झूमवर, खऱ्या असतात. माझा स्कोप दुसऱ्या प्रकारचा होता आणि तीनशे मीटरची खूण बारा पट झूमसाठी आखलेली होती. कळपात नर कोणता हे शोधताना दृश्य रुंद हवे म्हणून मी झूम सहावर आणला होता आणि नर सापडल्यावर तो तसाच विसरलो. सहा पटीवर तीच खूण गोळीची घसरण दुप्पट धरते, म्हणजे एका वितीऐवजी दोन विती. गोळी नेमापेक्षा वीतभर उंच, नराच्या पाठीवरून गेली आणि मागच्या खडकावर पांढरी धूळ उडाली. चुकीची दिशा खाली असती तर जखमी जनावर कड्याच्या पलीकडे गेले असते आणि ते मला मिळालेही नसते. बरोबरच्या शेजाऱ्याने दुर्बीण खाली न करता फक्त विचारले, “झूम कितीवर आहे?” तेव्हापासून माझ्या स्कोपच्या कड्यावर बारा या आकड्याशी पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे.

मग पहिला प्रकारच का घेऊ नये, असे कोणी विचारील. जंगलात झूम कमी केला की त्या स्कोपमधले रेटिकलही आक्रसते आणि बारीक रेषांचे असेल तर पुन्हा काटक्यांत हरवते. डोंगरासाठी उत्तम असलेली वस्तू जंगलात अडते, ती अशी.

उताराचे गणितही कोणतेच रेटिकल आपणहून करत नाही. तीस अंशांच्या चढावर वा उतारावर तीनशे मीटरचे अंतर असेल तर गोळीला पडण्यापुरते ते २६० मीटरच असते. त्या दोनशे साठची खूण धरायला हवी. वाऱ्यासाठी आडव्या रेषेवर दोन-तीन खुणा असाव्यात, एवढे पुरे. ज्या रेटिकलमध्ये खाली नाताळच्या झाडासारखा खुणांचा डोलारा असतो ते लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेला शोभते. तेथे लक्ष्य लोखंडी पत्र्याचे असते, ते चालत नाही आणि जखमीही होत नाही.

सशांविषयी थोडक्यातच सांगतो. .२२ रायफलीने पन्नास-साठ मीटरवर मारायचे तर बारीक फुली हवी, नाहीतर जाड पट्टीखाली सशाचे डोकेच झाकले जाते. पन्नास मीटरवर शून्य केलेली ही गोळी शंभर मीटरवर जवळजवळ वीतभर खाली येते, म्हणून खाली एखादी खूण असली तर कामी येते.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही. मागच्या छिद्रातून पुढचे कडे आणि कड्यात काळे वर्तुळ, एवढ्यावर सारा नेम असतो. लेखकाने खुणांची संख्या आणि अचूकता यांचा संबंध जोडताना हे उदाहरण विचारात घ्यायला हवे होते.

आणखी एक बाब लेखात आलीच नाही. सावज शोधण्यासाठी स्कोप वापरायचा नसतो; त्यासाठी गळ्यात दुर्बीण असते. स्कोपमधून पाहणे म्हणजे जे पाहतो त्यावर भरलेली नळी रोखणे, आणि झुडपामागे हलणारे हरीण नसून दुसरा शिकारी असू शकतो. लक्ष्याची निःसंशय ओळख पटवणे हा येथील बंदूक परवान्याच्या शिकवणीतला एक मूलभूत नियम आहे, आणि तरीही माणसाला हरीण समजून गोळी झाडल्याच्या घटना येथे घडलेल्या आहेत.

झूमविषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती आपण पुढच्या पुरवणीत छापावी, अशी विनंती आहे. न्यूझीलंडात, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत शिकारीचा परवाना काढणारे मराठी लोक आता बरेच आहेत, आणि त्यातला एखादा आपला लेख वाचून झूम सहावर ठेवील आणि खूण तीनशेची धरील.

आपला नम्र,
एक वाचक, क्राइस्टचर्च (मूळ सातारा)