हो की नाही, ते लिहूनच कळव

ऐरोली, रविवार

प्रिय नीले,

दिवाळीपासून पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या देऊन घे. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर. झालं.

आता ऐक. महापेच्या ऑफिसात रात्रीच्या कॉलवर अमेरिकेतली बाई म्हणाली, ‘वुई कॅन डू फ्रायडे.’ मी लगेच सगळ्यांना मेल टाकली, शुक्रवार पक्का. पाच जण रात्री दोनपर्यंत ताटकळलो, पलीकडे कुणी नाहीच. ती म्हणाली होती ‘कॅन्ट’! रेकॉर्डिंग सात वेळा लावलं गं. तो ट घशातच विरतो. आपल्या शाळेतल्या बाईंचं ‘कान्ट’ कसं, आ वासून. झोपेतसुद्धा कळलं असतं.

टीममधला पोरगा म्हणतो, ताई, ट शोधूच नका. होकार असला की ‘कन’ म्हणून गिळतात, ठसठशीत ‘कॅन’ आलं की नकार. आणि कुणी हट्टाने ‘जमेलच’ म्हणत असेल तर? तेव्हाही ठसठशीतच म्हणे. घ्या! फिफ्टी-फिफ्टीनचंही तेच, जोर सुरुवातीला पडला तर पन्नास, शेवटी पडला तर पंधरा.

डिक्टेशनची वही आठवते? बाई म्हणाल्या ‘शीप’, मी लिहिलं ‘शिप’, तू माझं बघून लिहिलंस, दोघींना पट्टी. अजून माझ्याच नावाने खडे फोडतेस! अगं, ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखंच म्हणणाऱ्या आपण, मेंढीतलं आणि जहाजातलं अंतर कानाला कळणार कुठून? शेजारच्या लखनौच्या भाभी ‘वेल झाला’ म्हणतात, त्यांना आपला ळ ऐकूच येत नाही. फार हसायचे मी त्यांना.

साहेब एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. झोप उडते ती निराळ्याच गोष्टीने. नीट कळलं नाही तरी मी ‘येस, येस’ म्हणते. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, तिसऱ्यांदा तर मरणच. बारा वर्षं नोकरी झाली. असे किती नकार मी होकार म्हणून वहीत मांडले असतील? आणि कुणी तरी ते गुपचूप निस्तरलं असेल. हे घरी सांगितलं तर म्हणतात, कान तपासून घे.

तुझ्या ओट्याचं काम संपलं का? चिनूची यंदा दहावी ना? भाऊजींना नमस्कार.

पुढच्या रविवारी ठाण्याला येतेस? तलावपाळीवर, पाच वाजता. फोन नको, तू खाता खाता बोलतेस. हो की नाही, ते लिहूनच कळव.

तुझी,
वैजू