पगार नाही, फक्त कमिशन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा दोन शब्दांचा निरोप मिळाला, "घेतलीस का?" ती विक्रेत्याची नोकरी नाही घेतली. सोडलीही नाही. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि गेले आठ दिवस मी रोज सकाळी हो म्हणतो, रात्री नाही म्हणतो. मीनल म्हणाली, घरात येरझारा घालण्यापेक्षा सुहासला सगळं लिहून काढ, लिहिताना तरी एका जागी बसशील.

तर प्रकार असा. पॅकिंगची आणि लेबल लावायची यंत्रं बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. माल चांगला आहे, हे मी परचेसमध्ये बसून नऊ वर्षं त्यांची आणि त्यांच्या स्पर्धकांची यंत्रं पाहिली आहेत म्हणून सांगतो. ते मला एक एरिया देणार. फिक्स पगार शून्य. प्रत्येक यंत्रामागे कमिशन, आणि एका यंत्राचं कमिशन म्हणजे आमच्या घराचा साधारण दीड महिन्याचा खर्च. मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस आम्ही शोधतच होतो." मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की मला घेण्यात त्यांचं जातंय काय? पगारावर माणूस ठेवायचा तर कंपनी दहा वेळा विचार करते, कारण माणूस चुकीचा निघाला तर दर महिन्याला खिशातून जातात. बिनपगारी माणूस चुकीचा निघाला तर तो उपाशी राहतो आणि आपणहून जातो. दहाजण घेतले, आठ गेले, तरी जाताना त्या आठांनी केलेल्या ओळखी, दिलेली कोटेशनं, गोळा केलेले फोन नंबर कंपनीकडेच राहतात. तेव्हा "तुमची निवड झाली" हे वाक्य इथे फार मनाला लावून घ्यायचं नसतं. मी लावून घेतलं होतं. या वयात कुणी कौतुक केलं की माणूस पाघळतो रे.

म्हणून मी उलटं विचारायला लागलो. माझ्यावर कंपनी स्वतःचं काय खर्च करणार आहे? डेमोचं यंत्र कोण नेऊन देणार, सोबत इंजिनिअर येणार का, प्रदर्शनात आलेल्या चौकश्या माझ्या एरियातल्या असतील तर मला मिळणार का, ट्रेनिंग फुकट की माझ्याच पैशानं? जी कंपनी सुरुवातीलाच "रजिस्ट्रेशन"चे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागते तिचं गिऱ्हाईक आपणच असतो, तिथून चप्पल घालून सरळ निघावं. इथे तसं काही नाही. सहा आठवडे कारखान्यात शिकवणार, राहायचा खर्च त्यांचा, डेमोचं यंत्र आणि इंजिनिअरही त्यांचे. हे त्यांच्या बाजूनं मोजायला हवं आणि मी मोजलंय.

आता हिशोब. तू आयुष्यभर लोकांची खाती तपासलीस, तर हेही तपास. साहेब म्हणाले, महिन्याला दहा कोटेशनं गेली की एक ऑर्डर येतेच. म्हणजे वर्षाला बारा. माझ्या एकट्यावर घर चालायला आठ यंत्रं पुरतात, पण फिरणं, फोन, आपला आपण भरायचा कर, आजारी पडलो तर बुडणारे दिवस धरले की मला अकरा लागतात. म्हणजे साहेबांचा आकडा शंभर टक्के खरा मानला तरी मी काठावर.

आणि तो "येतेच" शब्द. दहात एक हे प्रमाण अगदी खरं असलं तरी दहा कोटेशनं देऊन एकही ऑर्डर न मिळण्याची शक्यता शेकडा पस्तीस निघते. वीस देऊन एकही नाही, असं शेकडा बारा वेळा होणार. दोन महिने कोरडे गेले तर त्यात माझी चूक असेलच असं नाही, पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी हे गणित आठवणार आहे का मला? मागच्या वेळी, कमिशनवर कॉपी मशीन विकायचो तेव्हा, तर गणित माहीतच नव्हतं. मला वाटायचं आपल्यालाच जमत नाही. प्रमाण विसात एक असेल तर वीस कोटेशनांनंतर रिकाम्या हातानं बसायची शक्यता छत्तीस टक्के होते. आणि मला वाटतं ते विसात एकच असावं. कारण सांगतो. परचेसला तीन कोटेशनं मागवायचा नियम असतो, पण बरेचदा ऑर्डर कुणाला द्यायची ते आधीच ठरलेलं असतं आणि बाकीची दोन फाईल भरण्यापुरती. मी स्वतः अशी कित्येक मागवली आहेत. समोरचा पोरगा घाम पुसत दर कमी करून द्यायचा, आणि मी "कळवतो" म्हणायचो. आता त्या खुर्चीच्या अलीकडच्या बाजूला मी बसणार.

उशीर तर वेगळाच. कोटेशन दिल्यापासून ऑर्डरला तीन महिने, यंत्र तयार होऊन बसवायला दोन, पार्टीकडून शेवटचं पेमेंट यायला आणखी दीड, आणि कमिशन पेमेंट आल्याच्या पुढच्या महिन्यात. पहिल्या महिन्यात हललेली गोष्ट आठव्या महिन्यात हातात. पहिल्या वर्षात प्रत्यक्ष पैसे येणार ते जेमतेम पहिल्या पाच महिन्यांच्या कामाचे. बाकी सात महिन्यांचं काम कंपनीच्या वहीत उभं असेल.

इथेच मला वाटतं मी इतके दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो. मी विचारत होतो, मला विकता येईल का? खरं तर मी त्या कंपनीला उसनं देतोय. पैसे नाही, महिने. यंत्र विकलं जाण्याआधीचा सगळा खर्च मी घालणार, ती विकल्यावर फेडणार, आणि नाही विकलं तर माझं बुडालं. तुझ्याकडे कुणी उसने मागायला आलं तर तू काय विचारशील? परत कधी देणार, कशातून देणार, आणि नाही दिलेस तर मी काय धरून बसू. तेच विचारायचं. मी किती हुशार विक्रेता आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

माझ्या आधीच्या उसनवारीची तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. ते ऑफिसात लागणाऱ्या कॉपी मशीनचं काम, चौदा महिने. पाचव्या महिन्यात पहिलं कमिशन आलं ते एकदम मोठं आलं आणि मी तुला फोन करून किती वेळ बडबडलो होतो, आठवतं? सहाव्यात एका पार्टीनं मशीन परत केलं आणि मला दिलेलं कमिशन पुढच्या रकमेतून कापलं गेलं. करारात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. सोडलं तेव्हा तीन सौदे अगदी तोंडाशी आले होते. महिन्याभरात तिन्ही झाले. त्यांचं कमिशन कंपनीच्या खात्यावर गेलं, कारण "सेवेत असेपर्यंतच देय". एकानं तर मला फोन करून आभार मानले. मी म्हटलं, आनंद झाला. काय म्हणणार?

तुला न सांगितलेला अर्धा भाग वेगळा आहे. तुझे वडील गेले तेव्हा मी भेटायला आलो होतो. तुझ्या काकांच्या ऑफिसातूनच आत यायचा रस्ता होता आणि तिथे कोपऱ्यात एक जुनाट, घरघरणारं कॉपी मशीन होतं. मी कुणाला काही बोललो नाही. पण माझ्या डोक्यानं मॉडेल, अंदाजे वय आणि काकांचं नाव यांची नोंद केली. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतास आणि माझ्या आत एक माणूस लीड लिहून घेत होता. पुढे कधी त्यांना फोन केला नाही, एवढंच. कमिशनवरचा माणूस चोवीस तास दुकान उघडं ठेवतो म्हणतात. उघडं ठेवतो ते खरं, पण ते बंद कसं करायचं हे त्यालाही कळेनासं होतं.

आणखी एक कबुली. एका छोट्या ऑफिसला मी मोठं मशीन गळ्यात मारलं होतं. छोट्यानं भागलं असतं, मला माहीत होतं. पण मोठ्याचं कमिशन दुप्पट आणि घरभाडं दोन महिने थकलेलं. मी खोटं बोललो नाही. छोट्या मशीनबद्दल बोललोच नाही, इतकंच. ब्रिटनमध्ये ३१ डिसेंबर २०१२ पासून गुंतवणूक सल्लागारांना नव्या विक्रीवर कंपन्यांकडून कमिशन घ्यायलाच मनाई झाली, कारण कमिशन असलं की सल्ला तिकडे झुकतो. ते वाचलं तेव्हा मला त्या ऑफिसातल्या बाईंचा चेहरा आठवला. यंत्राच्या धंद्यात असली बंदी कोण घालणार? तिथे आपली थकलेली बिलं आणि आपण, दोघांत काय ते ठरतं. त्यामुळे माझा आता पक्का समज झालाय की पोट भरलेलं असताना कमिशनचं काम बऱ्यापैकी सरळपणे करता येतं. शिल्लक ही नुसती सोय नाही, ती मला पार्टीसमोर "तुम्हाला हे लागणार नाही" म्हणू देईल.

शिल्लक सहा महिन्यांची आहे. मीनलचा पगार अर्ध्या खर्चाला पुरतो, म्हणजे ताणून बारा. कागदावर तरी पुरतं.

त्यांच्याच एका जुन्या विक्रेत्याला भेटलो. नऊ वर्षं आहे, आनंदात आहे, निम्म्याहून जास्त ऑर्डरी जुन्याच पार्ट्यांच्या. साहेबांनी मला "सरासरी" कमाई सांगितली होती ती असल्या चारपाच जणांच्या जोरावर उभी असणार. सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीनं उभं केलं तर मधोमध येणाऱ्याची कमाई किती, हे विचारलं तर साहेब हसले. गेल्या वर्षी किती आले आणि त्यातले किती उरले, हे विचारल्यावर म्हणाले, "सगळ्यांनाच झेपत नाही." आकडा नाहीच दिला. मी वहीत लिहून ठेवलं, आकडा नाही.

त्या विक्रेत्यानं एक चांगली गोष्ट सांगितली, चांगल्या महिन्यात जास्त पळायचं. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवरचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे. भाडी भरपूर मिळतात त्या दिवशी ते लवकर घरी जातात आणि मंदीच्या दिवशी उशिरापर्यंत रस्त्यावर राहतात, असं त्यात निघालं होतं. पुढे त्यावर अर्थतज्ज्ञांत वाद झाले म्हणे, पण मी मात्र हुबेहूब तसाच होतो. ऑर्डर आली की तीन दिवस ढिला. या खेपेला तरी पाट्या टाकायला नकोत.

उचलीचं राहिलंच. मी पगार मागितला, ते नाही म्हणाले, आणि म्हणाले सहा महिने दरमहा उचल देऊ, "पगारच समजा". पगार कसला! ती पुढच्या कमिशनमधून वळती होणार, आणि मधेच सोडलं तर बाकी माझ्या अंगावर. शिवाय सोडल्यावर चालू ऑर्डरींचं कमिशन बंद. दोन्ही एकत्र वाच म्हणजे कळेल. सोडायची वेळ आली तर ज्या पैशातून उचल फेडायची तेच मिळणार नाहीत. म्हणजे सोडताच येणार नाही. मी उचल नको म्हटलं, तेव्हा साहेबांना जरा आश्चर्य वाटलं.

मी दोन गोष्टी लेखी मागितल्या. पार्टी ॲडव्हान्स देते तेव्हा त्या प्रमाणात माझंही कमिशन सुटावं. हे त्यांनी मान्य केलं, म्हणजे पहिले पैसे आठव्याऐवजी पाचव्या महिन्यात दिसतील. दुसरं, मी सोडलं किंवा त्यांनी काढलं, तरी माझ्या कोटेशनवर पुढच्या सहा महिन्यांत आलेल्या ऑर्डरचं कमिशन मला मिळावं. यावर "बघू" म्हणालेत. आता परवा नवा मसुदा आलाय आणि त्यात याच मागणीच्या कलम अकरामध्ये दोन शब्द वाढवलेत, "कंपनीच्या विवेकानुसार". मीनलला वाटतं हे चांगलं लक्षण आहे, निदान त्यांनी विचार केला. मला वाटतं या दोन शब्दांनी आधीचं सगळं पुसलं, द्यायचं की नाही ते तेच ठरवणार. मला यातलं नीट कळत नाही, आणि मला हो म्हणायचंय म्हणून मी ते कलम माझ्या सोयीनं वाचतोय असाही संशय येतो.

कारण मला हो म्हणायचंय, सुहास. परचेसच्या खुर्चीत बसून लोकांना "कळवतो" म्हणायचा कंटाळा आलाय. त्या नऊ वर्षंवाल्याला त्याच्या पार्ट्या नावानं हाक मारतात. तू मला एकदा म्हणाला होतास की मी विकत नाही, मी माफी मागतो. खरं होतं तेव्हा. आता माल मला माहीत आहे, समोरच्याच्या खुर्चीत काय चालतं तेही माहीत आहे.

सोबत पान चारचा फोटो पाठवतोय. कलम अकरा वाच, दोनदा वाच, आणि जे वाटेल ते माझा मूड न सांभाळता सांग. ते दोन शब्द काढायला सांगून ते काढत नसतील तर मी नाही म्हणणार, हे मीनलसमोर कबूल केलंय. बुधवारी रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागाच असेन.

तुझा,
विनायक

ता. क. तुझ्या मेहुण्याच्या कारखान्यात पॅकिंग हातानं होतं की यंत्रावर, हे मी या पत्रात कुठेही विचारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.