केशभूषेच्या काकूंना, सहा रबरांबद्दल

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार,

हा मायना शाळेत घोकला होता, वापरायची वेळ आज आली. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काकू. इंदूरच्या लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगरमधल्या ज्यांनी आपलं नाटक पाहिलं ते ओळखतील. नाही ओळखलं तर त्यांचा दोष नाही. प्रयोग संपल्यावर पडद्यापुढे सगळ्यांची नावं घेतली गेली, नेपथ्य झालं, प्रकाशयोजना झाली, चहा आणणाऱ्या दादांचंसुद्धा झालं, आणि केशभूषा राहून गेली. तुम्ही तेव्हा विंगेत माझ्या डोक्यातले आकडे काढत होतात. "राहू दे गं, मान हलवू नकोस," एवढंच म्हणालात. मला मात्र ते राहू देता आलं नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करते. जानेवारीतली तालीम होती. सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसातून धावतपळत आले, घरी घाईत न्हायले, आणि केस पुरते वाळायच्या आत स्ट्रेटनर लावला. तापमानाचा आकडा २३० अंशांवर. जास्त तापलं की लवकर होतं, असा माझा हिशोब. कानापाशी चर्र झालं, वाफ निघाली. वाटलं, पाणी उडतंय, चांगलंच आहे. तालमीच्या हॉलवर पोचले तेव्हा त्या बटेतले केस कंगव्यात येत होते. मुळापासून नव्हे, मधूनच तुटलेले. मी रडवेली झाले होते, कारण कमरेपर्यंतचे केस हे एवढंच माझ्याकडचं भांडवल आहे असं मला तेव्हा वाटायचं. तुम्ही ती बट बोटांत धरून चोळलीत, दिव्याखाली नेलीत आणि विचारलंत, "चर्र झालं होतं का?" मी हो म्हटलं. "तो आवाज फोडणीचा. केसाचा नसतो."

रागावला नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आईने त्याच रात्री स्ट्रेटनर माळ्यावर टाकायचं ठरवलं होतं. ज्या पार्लरमध्ये मी जायची तिथे मला महागडी ट्रीटमेंट सुचवली, केस "आतून जोडून" देणारी. तुम्ही म्हणालात, जळलेला केस सांधत नाही, कापायचा आणि पुढे बघायचं. शिवणातली कात्री काढून ती बट चार बोटं वर कापलीत.

मी नंतर वाचून काढलं, आणि तुमचं खरं होतं. केस डोक्याच्या कातडीबाहेर आला की मेलेला असतो. जखम भरते तसं त्याचं काही भरत नाही. सीरमने केसावरचे बारीक खवले तात्पुरते बसतात, चमक येते, दुभंगलेलं टोक चिकटल्यासारखं दिसतं आणि पुढच्या न्हाण्याला पुन्हा उघडतं. चर्र होण्याचंही कारण कळलं. ओल्या केसाच्या आत शिरलेलं पाणी तापलेल्या पट्ट्यांत सापडलं की त्याची तिथेच वाफ होते. वाफेला बाहेर यायला वाट नसते, मग केसाच्या काडीत बुडबुडे धरतात आणि तिथून तो मोडतो. डॉक्टर याला 'बबल हेअर' म्हणतात. कोरड्या केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, साधारण दोनशे अंशांच्या पुढे गेल्यावर कायमचं बिघडायला लागतं, ओल्या केसाला ती वेळ कितीतरी आधीच येते. म्हणजे माझं दोन्हीकडून चुकलं होतं.

पण खरा धडा त्या सहा रबरांचा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पाटावर बसवून तिपेडी वेणी घातलीत आणि शिंप्याची टेप काढलीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, वर्षाला पंधरा. दर पंधरा सेंटीमीटरला एक रंगीत रबर. मानेखाली पहिलं, मग दुसरं, आणि प्रत्येक रबराला तुम्ही विचारत होतात, तेव्हा तू काय करत होतीस? नोकरीचं पहिलं वर्ष. कॉलेजचं शेवटचं. पाचवं रबर बसवलंत आणि स्वतःच म्हणालात, "हा लॉकडाऊन." सहावं अगदी टोकाशी. मी चोवीस वर्षांची, आणि ते टोक डोक्यातून बाहेर आलं तेव्हा मी बारावीत होते. आठवड्यातून दोनदा न्हाणं धरलं तरी त्या टोकाने सहाशेच्या वर न्हाणी पाहिली, वर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), उन्हाळ्यातली लू, स्कार्फ बांधून चालवलेली स्कूटी. "मुळाशी आहे ते नवं कापड," तुम्ही म्हणालात, "टोकाला आहे ती आजीची महेश्वरी. दोन्हींवर एकच इस्त्री फिरवतेस?"

इतकी वर्षं मी केस म्हणजे एकच वस्तू समजत होते. बाटल्यांवर पण तसंच लिहितात, कोरडे केस, तेलकट केस, जणू मुळापासून टोकापर्यंत एकच माल. तेव्हापासून मी स्ट्रेटनर चौथ्या रबरापर्यंतच नेते. त्याच्या खाली फार तर एकदा, शेवटी, पट्टे जरा निवल्यावर. आकडा १५० ते १७० च्या मध्ये. माझे केस बारीक आहेत, मला तेवढं पुरतं. जाड केसांना थोडं जास्त लागेल, पण २३० चं काम घरात कोणाला पडत असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या केस वळवायच्या चिमट्यावर तर आकडाच नाही. तुम्ही तो तापवून आधी कोऱ्या कागदावर दाबायचात. कागद पिवळा पडला की हवेत दोन-चार हेलकावे, मग पुन्हा कागद. मला ती जुनी खोड वाटली होती. मग दिग्दर्शकांना हव्या होत्या त्या कपाळावरच्या लाटांचं मूळ शोधायला बसले आणि पॅरिसच्या मार्सेल ग्रातोपर्यंत पोचले. १८७० च्या दशकात त्याने तापल्या चिमट्याने अशा लाटा पाडायची पद्धत बसवली, त्यांना नावही त्याचंच पडलं. त्या काळी चिमटे ज्योतीवर तापवत आणि कागदावरच पारखून घेत. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे त्यालाही अक्कल होती."

आणि चिक्की! मी वळवलेली बट गरम असतानाच सोडायची, बोटं फिरवायची, ती अर्ध्या तासात सरळ व्हायची, की पुन्हा चिमटा. एका संध्याकाळी एकाच बटेला तीन-तीन वेळा. तुम्ही वळलेली बट चिमट्यातून तशीच तळहातावर घेऊन टाळूशी गुंडाळलीत, आकडा खोचलात आणि तिला हात लावू दिला नाहीत. "संक्रांतीची चिक्की गरम असताना वळते, धरते गार झाल्यावर." हेच पुस्तकी भाषेत असं आहे की केसाच्या आत हायड्रोजनचे नाजूक बंध असतात. पाण्याने आणि उष्णतेने ते सुटतात, केस वाळला आणि निवला की जिथे असेल तिथे नव्याने बांधले जातात. गार व्हायच्या आत विंचरलं तर बांधायला आकारच उरत नाही. पावसाळ्यात सगळी मेहनत वाया जाते तीही यामुळेच, हवेतला ओलावा ते बंध पुन्हा सोडवतो. आकड्यांत दहा मिनिटं थांबायची सवय लागली आणि माझं चिमट्याचं काम एका फेरीत आटपायला लागलं. बटही बोटाएवढीच रुंद घ्यायची. जाड बट घेतली की वरचा थर भाजतो आणि आतला कोराच राहतो.

ड्रायरबद्दल आईशी अजून वाद चालू आहे. तिच्या मते गच्चीवरच्या उन्हाला तोड नाही. तुम्ही मऊ पंचाने केस चोळायचे नाहीत, टिपायचे, आणि मग ड्रायर एक वीत लांब धरून हलता ठेवायचा असं दाखवलंत. २०११ साली कोरियात झालेला एक प्रयोग मी आईला वाचून दाखवला. ड्रायर पंधरा सेंटीमीटरवर धरून सतत फिरवला तर केसांना पोचणारी उष्णता ४७ अंशांच्या आसपास राहते, पाच सेंटीमीटरवर ती ९५ होते. गंमत म्हणजे आपोआप वाळू दिलेल्या केसांचीही आतल्या बाजूने हानी दिसली, कारण ते फार वेळ ओले राहिले होते. आई म्हणाली, कोरियात ऊन कुठे आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तेलाचं तर तुम्ही एका वाक्यात संपवलंत. तेल लावून चिमटा फिरवला तर सराफ्यातला तळलेला गराडू (कंद) होईल. तेल आदल्या रात्री, न्हायच्या आधी. तेही खोबरेलच का, ते २००३ च्या एका अभ्यासात सापडलं, मुंबईतल्याच संशोधकांच्या. खोबरेल केसात आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन कमी करतं, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला ते जमलं नाही.

पाण्याची गोष्ट मात्र इंदूरच्या माणसालाच सुचावी. आमच्याकडे नर्मदा दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंग. बोरिंगचं पाणी जड, बादलीला पांढरी कड धरणारं. तो क्षार केसांवरही बसतो, केस रखरखीत होतात, मग ते मऊ दिसावेत म्हणून आपण आणखी इस्त्री करतो. "न्हा बोरिंगने, पण शेवटचा तांब्या नर्मदेचा," असं तुम्ही सांगितलंत. १९७८ पासून हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून शहरात येतं, त्यातला एक तांब्या माझ्या डोक्यासाठी बाजूला ठेवताना मला थोडी लाज वाटते. पण ठेवते.

एक गोष्ट माझ्याकडून तुम्हाला. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे तुम्ही "सेंट" म्हणून उडवून लावलात, तो अगदीच फुकट नाही. त्यातल्या सिलिकॉनचा पातळ थर केसावर बसतो आणि उष्णता आत हळू शिरते. तो पूर्ण वाळल्यावरच चिमटा लावायचा, नाहीतर पुन्हा चर्र. चिलखत समजून २३० वर जायला मात्र तो परवाना नव्हे. आणि काकू, टोकं कापल्याने केस लवकर वाढतात हे काही खरं नाही. वाढ मुळाशी होते, कात्री टोकाला चालते, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापल्याने दुभंग वर चढत नाही, एवढंच. यावर तुम्ही नाक मुरडणार, मला दिसतंय.

प्रयोगाच्या दिवशी रवींद्र नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये तुम्ही पिशवीतून गंगावन काढलंत तेव्हा मला कळलं, तुम्ही महिनाभर माझ्या केसांना का जपलंत. आधी त्यातला एक केस काडीवर धरलात. नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती, हा जळून राख झाला, म्हणजे खऱ्या केसांचं. मग तुमचा चिमटा पोटभर चालला तो त्या गंगावनावर. अंबाड्याची सगळी वळणं त्याची होती. माझ्या केसांना फक्त कपाळावरच्या दोन लाटा दिल्यात. बाकीच्या कुरळ्या बटा रात्रीच चिंध्या बांधून केलेल्या, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, केस जेमतेम दमट, उष्णता शून्य. त्या चिंध्यांत झोपायला त्रास झाला, खोटं सांगत नाही. पण तिसऱ्या अंकापर्यंत एक बट सुटली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या मावशीने मध्यंतरात विचारलं, "केस कुठल्या पार्लरमध्ये केलेस गं?"

आता आठ महिने झाले. कापलेली बट कानाखाली उतरली आहे, वेणीत अजून बसत नाही, बाहेर डोकावते. स्ट्रेटनर माळ्यावर गेला नाही, शनिवारी निघतो. आईने परवा स्वतःहून विचारलं, तिच्या वेणीला किती रबरं लागतील.

तुमचे चौदा आकडे माझ्याकडे आले होते. बारा सापडले, एक गंगावनात असेल, एकाचा पत्ता नाही. रविवारी दुपारी आणून देते. दिवाळीनंतरच्या प्रयोगाच्या पत्रकाचा मजकूर या वेळी माझ्याकडे आहे, तेव्हा नाव कसं लिहायचं, सासरचं की माहेरचं, ते तेव्हाच सांगून ठेवा.

तुमची,
पहिल्या अंकातली सून